खाडीचं तोंड बंद होतं तेव्हा

बाबांची गिरणी बंद पडली आणि आमचं बिऱ्हाड लालबागच्या खोलीतून मढच्या कोळीवाड्यात आलं. आज हे एका वाक्यात लिहून होतं, पण तेव्हा ते वाक्य घडायला घरातल्या सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. बाबा गिरणीत फिटर. संप लांबत गेला, मग तो संपला की विरला हेही कुणाला कळेनासं झालं, आणि एक दिवस कुणीतरी बाबांना सांगितलं की मढला मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायला माणूस हवाय, राहायला जागाही देतायत. बाबा म्हणाले, "इंजिन तां इंजिन. गिरणीतला काय नि बोटीतला काय!" आईने भांडी पोत्यात भरली, देव पाटासकट फडक्यात बांधले आणि माझ्या हातात पाट्याचा वरवंटा दिला. तो मांडीवर घेऊन मी मालाडपासून मढपर्यंतच्या बसमध्ये बसले होते. मी तेव्हा नववीतून दहावीत जात होते.

जागा मिळाली ती हिराबाईंच्या घरामागच्या दोन खोल्यांची. हिराबाई म्हणजे नाखवीण, बोटीची मालकीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बोट त्यांचा मुलगा दामूदादा चालवायचा, पण बंदरावर बोटीचं सगळं बोलणं हिराबाईच करायच्या. उंच, सावळ्या, कपाळाला मोठं कुंकू असायचं तिथे गोंदण, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आता भांडण होणार. पहिल्या दिवशी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "पानी येतंय सकालचं. हंडे भरून ठेव. आनि मना भाडं मागायला यायला लावू नको." एवढं बोलून गेल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या त्या केळीच्या पानावर चार ताजे बोंबील घेऊन. मी त्यांना हिरामावशी म्हणायला लागले ते त्या दिवसापासून.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पहाटे बोटींची इंजिनं सुरू व्हायची, आधी खोकल्यासारखी, मग एका लयीत. पलीकडच्या ख्रिस्ती पाड्यातली घंटा वाजायची. लाकडी बोटीच्या फटींत कापूस ठोकणाऱ्यांची ठोकाठोक दिवसभर चालू असायची, आणि बंदरावर मासळी उतरली की बायका जो लिलाव पुकारायच्या तो आमच्या खोलीत शब्दन् शब्द ऐकू यायचा. वास तर विचारूच नका. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असायचे, त्यांचा वास कपड्यांत, केसांत, दप्तरात. शाळेत माझ्या बाकावर बसायला मुली नाखूष असत. आता मी नाहूरला बाराव्या मजल्यावर राहते, खिडक्या बंद, हवेला कसलाच वास नाही. कधी बाजारात सुक्या बोंबलांच्या टोपलीपाशी मी उगाचच रेंगाळते.

आईचा स्वयंपाक मालवणी आणि हिरामावशींचा कोळी, आणि दोघींची चूल भिंतीला भिंत लावून. आई बांगड्याचं तिखलं करायची, तिरफळं घालून. हिरामावशी वास घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "या काय घातलंस गो? औषधासारखा वास येतंय." आणि वाटी पुढे करायच्या. त्यांची तांदळाची भाकरी आईच्या भाकरीपेक्षा पातळ आणि पांढरीशुभ्र व्हायची, याचा आईला मनातून राग होता. दोघी एकमेकींना मानायच्या असं तेव्हा म्हणता आलं नसतं. आईला तिथलं काहीच आपलं वाटत नव्हतं. तिचं माहेर कणकवलीच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळावर. समुद्र तिने लांबून निळी रेघ म्हणूनच पाहिलेला. पलीकडे वेसावला जायला खाडीतून तर होती, छोटी बोट, बसलं की चहा थंड व्हायच्या आत पलीकडे. मी रोज त्या तरीतून शाळेत जायचे. आई मात्र अंधेरीला जायचं तर मालाडवरून वळसा घालून जायची. "माका त्या पाण्याचा भय वाटता," एवढंच म्हणायची.

दिवाळी होऊन गेली होती. हिरामावशींच्या बोटीचं इंजिन नवीनच कुरकुर करू लागलं होतं. बाबांनी ते दोनदा उघडून जोडलं, तरी बाबांच्याच कानाला ते पटेना. बोट आता लांबच्या पाण्यात जाणार होती, काही दिवस तिकडेच राहून मासळी घेऊन येणार होती. हिरामावशी बाबांना म्हणाल्या, "परबभाऊ, या टायमाला तुमी जा ना पोरांच्यासंगती. मदेच बंद परला तर कोन बगेल?" बाबा हो म्हणाले. त्यांना मनातून जायचंच होतं असं मला वाटतं. किनाऱ्यावर राहून इंजिनं दुरुस्त करणाऱ्याला ती इंजिनं कुठे जातात हे पाहावंसं वाटणारच. आईने त्यांना पोहे आणि खोबऱ्याची सुकी चटणी बांधून दिली आणि बोट निघाली तेव्हा ती बंदरावर आली नाही.

दोनच दिवसांत वारं सुटलं. पाऊस नाही, नुसतं वारं, वलांड्या पाडणारं. त्या वाऱ्यात दगड भरलेला एक बार्ज खाडीत शिरत होता. बार्ज म्हणजे चपट्या बुडाची मालवाहू बोट, वर लोखंडी क्रेन बसवलेली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे, त्याला तो टेकला, कलंडला आणि बोटींची जी एकुलती खोल वाट होती तिच्यातच आडवा बुडाला. त्याच्यावरचे लोक वाचले, कोळीवाड्यातल्या पोरांनी त्यांना बाहेर काढलं. पण बार्ज तिथेच राहिला. ओहोटीला त्याच्या क्रेनचं टोक पाण्याबाहेर दिसायचं, तुटलेल्या हातासारखं. भरतीला तेही बुडायचं, आणि वरून पाणी अगदी साधं, निरागस दिसायचं. दुसऱ्या सकाळी एक छोटी होडी भरतीच्या पाण्यावरून आत येत असताना तिचा तळ त्या लोखंडावर असा फाटला की होडीचे दोन भाग झाले. माणसं पोहून आली.

दुपारपर्यंत बंदराचे साहेब आले, पोलिसांची लाँच आली. बंदरावरच्या खांबावर लाल निशाण चढलं आणि जाहीर झालं की बार्ज काढून वाट मोकळी होईपर्यंत बंदर बंद. आतली बोट बाहेर नाही, बाहेरची आत नाही, तरही बंद. पहिल्यांदा मला आनंद झाला, शाळा बुडणार म्हणून. मग मी आईचा चेहरा पाहिला.

बाहेर गेलेल्या बोटींवर कुणाकडेच वायरलेस नव्हता. माझी नात हे ऐकून म्हणते, "आजी, मग तुम्ही कळवायचात कसं?" कळवायचो नाहीच, हेच तिला कळत नाही. बोट गेली की गेली, आली की आली. आणि येणार ती भरती बघूनच, कारण ओहोटीला आमच्या खाडीत भरलेली बोट शिरत नाही. म्हणजे बार्ज दिसत नसेल नेमक्या त्याच वेळी ती येणार.

हिरामावशी साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे बंदरावरच्या सगळ्या बायका. "आमची होरी भायेर हाय. एक लहान होरी जाऊ द्या, सांगून येतील."

साहेब वयस्कर होते, चष्म्यावर खारं पाणी उडालेलं. ते म्हणाले, "बाई, या वाऱ्यात मी एक बोट वाचवायला दुसरी पाठवू? ती त्याच लोखंडावरून जाणार ना? सकाळची होडी बघितलीत. आम्ही धोक्याच्या खुणेचा तरंगता बोया टाकायचा प्रयत्न केला, तो वाहून गेला. वारं पडलं की परत टाकतो."

"आनि तवर?"

साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "पाण्यात जायला बंदी आहे. किल्ल्याखालच्या खडकांवर उभं राहायला मी कुणालाही मना केलेलं नाही. उलट मी तुमच्याबरोबर येतो."

किल्ल्याखालचे खडक म्हणजे जमिनीचं शेवटचं टोक, तिथून आत येणारी बोट पहिल्यांदा दिसते. त्या संध्याकाळपासून भरतीच्या वेळी सगळे तिथे जमू लागले. बायकांनी घरातली लाल लुगडी आणली आणि बांबूंना बांधली. ज्यांच्या बोटी बाहेर नव्हत्या, त्याही आल्या. वलांड्या लावायच्या होत्या, जाळी फाटली होती, घरात ताजी मासळी नव्हती आणि पोरं सुकटीला कंटाळली होती, तरी कुणी घरी राहिलं नाही. एकेक करत बाहेरच्या बोटी येत गेल्या. लुगडी हललेली पाहून त्या लांबच थांबल्या आणि वळून शेजारच्या एरंगळ गावाच्या किनाऱ्याकडे गेल्या. एरंगळकरांनी त्यांना जागा दिली, मासळी उतरवायला हात दिला. एक बोट राहिली. हिरामावशींची.

आई पहिल्या दिवशी खडकांवर आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हिरामावशी आमच्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुमच्या इंजिनापायी माझो घोव समुद्रार गेलो." मला वाटलं, आता भांडण. हिरामावशी उंबऱ्यातच बसल्या, पाय पसरून, थकलेल्या माणसासारख्या. "होय बाय," त्या म्हणाल्या. "मीच पाठवला. माजा पोर बी हाय तितं." आईने सुपातले तांदूळ डब्यात ओतले, पदर खोचला आणि म्हणाली, "चला. खंय उभी रवतास ती जागा दाखवा माका."

ज्या बाईने मढला आल्यापासून पाण्याच्या काठावर पाय ठेवला नव्हता ती शेवाळलेल्या खडकांवरून हिरामावशींचा हात धरून गेली. संध्याकाळी बोट आली नाही. आम्ही घरी आलो. दोन्ही घरांचा स्वयंपाक त्या दिवशी एकाच चुलीवर झाला, सुक्या जवळ्याची चटणी आणि भात, आणि कोण कुणाच्या ताटात वाढतंय याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारं पडलं होतं आणि धुकं पडलं होतं. थंडीच्या सुरुवातीला आमच्याकडे समुद्रावरून असं धुकं येतं, दुधासारखं. आम्ही खडकांवर पोचलो तेव्हा पायाखालचं पाणी तेवढं दिसत होतं. भरती चढत होती. साहेब दुर्बीण घेऊन उभे होते, पण त्यांनी ती डोळ्यांना लावलीही नाही. लाल लुगडी बांबूंवर ओली होऊन चिकटली होती. "असा कोन बगनार?" एक म्हातारी म्हणाली. हिरामावशी कान देऊन ऐकत होत्या. त्या आपल्या बोटीचं इंजिन गावातल्या साऱ्या इंजिनांतून ओळखायच्या. "इंजिनाचा आवाज नाय," त्या म्हणाल्या. "अजून लांब हायेत." सगळ्यांना जरा हायसं वाटलं.

आईला काय वाटलं ते तिलाच माहीत. ती पुढे गेली, अगदी कडेच्या खडकावर, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि तिने कुकारो घातला.

कुकारो मी तिच्या तोंडून त्याआधी कधीच ऐकला नव्हता. आमच्या गावाकडे एका डोंगरावरचा माणूस दुसऱ्या डोंगरावरच्या माणसाला जी हाळी देतो ती ही. शब्द नसतात तिला, नुसता 'कू' असतो, खालून उचलत वर नेलेला आणि वर धरून ठेवलेला. सड्यावर गुरं राखणाऱ्या पोरी तो शिकतात. लालबागच्या खोलीत एवढ्या आवाजाला जागाच नव्हती. तो आवाज माझ्या आईचा आहे यावर माझा विश्वास बसेना. साहेबांनी चष्मा काढला. आई थांबली, श्वास घेतला, परत घातला. पाणी, धुकं, काही नाही. परत घातला. तिचा गळा फाटत होता हे मला ऐकू येत होतं.

आणि मग धुक्यातून, आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जवळून, उलटा कुकारो आला.

पुरुषाचा. जाड, तुटका, पण तोच.

"परबभाऊ!" हिरामावशी ओरडल्या. बोट लांब नव्हती. इंजिनच बंद होतं. ती शिडात येईल तेवढ्या झुळकेवर आणि भरतीच्या ओढीवर, आवाज न करता सरळ खाडीच्या तोंडाकडे येत होती. हिरामावशींनी जो आवाज लावला तो आयुष्यभर लिलावात कमावलेला होता. "दामू! भायेरच राहा! नांगर टाक! नांगर टाक रं! वाट बंद हाय!" आणि त्यांच्यामागे सगळ्या बायका, साहेब, मी, सगळे एका आवाजात, "नांगर! नांगर!" क्षणभर काही नाही, आणि मग पाण्यात नांगर पडल्याचा धप्प आवाज, आणि दोर सरसरत जाण्याचा. तसा सुंदर आवाज मी नंतर ऐकलेला नाही.

ऊन चढलं, धुकं विरलं, तेव्हा बोट दिसली. नांगरावर ताणून उभी होती. पुढे ओहोटी लागली आणि बार्जच्या क्रेनचं लोखंडी टोक हळूहळू पाण्याबाहेर आलं, बोटीच्या नाळीपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, इतक्या जवळ की दामूदादाने बांबू लांब केला असता तर त्याला टेकला असता. बोटीवरची माणसं उभी राहून त्याच्याकडे बघत होती. साहेब तिथेच खडकावर बसले. "बंदर बंद करणं हातात असतं," ते हलकेच म्हणाले, "बाहेरच्यांना सांगणं नसतं." पुढे कितीतरी दिवस ते येता-जाता आईला नमस्कार करायचे आणि आई लाजून आत जायची.

एरंगळचे लोक होड्या घेऊन आले आणि बोट ओढून आपल्या किनाऱ्याला घेऊन गेले. बाबा दुपारी टेम्पोच्या मागे बसून घरी आले, तेलाने काळे, दाढी वाढलेली. आईने त्यांना पेज दिली, वर लोणचं. बोलायला तिचा गळाच उरला नव्हता. बाबांनी दोन वाट्या पेज संपवली आणि मग म्हणाले, "इंजिनाचो पंप गेलो. रातभर खोलून बसलंय, जमाक नाय. सकाळी डोळो लागलो. कुकारो आयकलंय तेवा माका वाटलां, मी गावाक आसंय. म्हणान जबाब दिलंय." वाटी खाली ठेवत म्हणाले, "दामू म्हणी, हयसर असो कोण आरडता? म्हटलां, माझी बायल." मी आईकडे बघितलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

बार्ज काढायला बराच काळ गेला. मोठी क्रेन आली, पाणबुडे आले, लोखंड कापून तुकड्यातुकड्यांनी वर काढलं. तोवर सगळ्या कोळीवाड्याने एरंगळला जाऊन-येऊन धंदा केला. हिरामावशींनी त्या महिन्यांचं भाडं मागितलं नाही, आईने देऊ केलं तर म्हणाल्या, "ठेव ते. पोरीला परीक्षेला चांगला फराक घे." मी दहावी पास झाले, पुढे नर्सिंग शिकले, चाळीस वर्षांत कितीतरी माणसांच्या उशाशी उभी राहिले. परक्या माणसासाठी कडेला उभं राहायचं असतं हे मला कुणी वर्गात शिकवलेलं नव्हतं. ते मी खडकांवरच्या त्या बायकांना पाहून शिकले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचं त्या बोटीवर कुणीच नव्हतं.

लाल निशाण उतरलं त्या सकाळी सगळं गाव बंदरावर जमलं. पहिली बोट बाहेर काढायच्या आधी समुद्राला नारळ द्यायचा होता. तो मान नाखविणीचा. हिरामावशी नवं लुगडं नेसून आल्या, नारळाला कुंकू लावलं, आणि तो आईच्या हातात दिला.

एक म्हातारा पुढे आला. "हिरा, मान तुजा हाय."

"माजा हाय ना? मंग कुनाला देयाचा ते मीच ठरवीन," हिरामावशी म्हणाल्या. "जा गो बाय. तुला येतंय तसं बोल."

आई गुडघाभर पाण्यात गेली. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात, ते पुरुष घालतात, पण तिला दुसरं काही येत नव्हतं. दबक्या आवाजात तिने सुरुवात केली, "बा समुद्रा म्हाराजा! आज तुझ्या लेकरांनी तुका ह्यो नारळ दिलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला मागच्यांनी होकार द्यायचा असतो. कोळीवाड्यात हे कुणाला ठाऊक नव्हतं. मागून एकटे बाबा म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"ह्यांची तारवा सुखरूप ने नि सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

या वेळी बाबांबरोबर मी होते, दामूदादा होता. "व्हय म्हाराजा!"

"ह्यांनी आमका आपला म्हटल्यानी, ह्यांका काय कमी पडू देव नको रे म्हाराजा!"

आणि सगळं बंदर, बायका, पोरं, म्हातारे, पाटलोण वर दुमडून पाण्यात उभे असलेले साहेब, साऱ्यांनी मिळून आमच्या भाषेत होकार दिला. हिरामावशींचा आवाज सगळ्यांच्या वर होता. आईने नारळ पाण्यावर ठेवला आणि हात सोडले.